सेवक नेतृत्व म्हणजे नेमकं काय? जामखेडच्या बायकांकडून समजून घेऊया

आयटीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, "सर्व्हंट लीडरशिप", म्हणजे सेवक नेतृत्व, हा शब्द त्यानं कुठल्या ना कुठल्या ट्रेनिंगमध्ये ऐकलेला असतोच, स्क्रम मास्टरच्या, म्हणजे सॉफ्टवेअर टीमचं काम अडू नये हे बघणाऱ्याच्या, कोर्समध्ये तर हमखास, आणि ट्रेनिंग संपल्यावर बहुतेकांच्या डोक्यात एवढंच उरतं की मॅनेजरनं गोड बोलायचं, कुणाला ओरडायचं नाही आणि अधूनमधून टीमसाठी पिझ्झा मागवायचा. आयटीच्या बाहेर, म्हणजे शाळेत, बचत गटात, ग्रामपंचायतीत, गणेश मंडळात, हा शब्द फारसा पोचलेलाच नाही, पण खरी गरज तिथंच जास्त आहे असं मला वाटतं, कारण तिथं पगारवाढ आणि प्रमोशनचं आमिष नसतं, माणसं मनापासून आली तरच काम होतं.

तर प्रश्न असा, की दुसऱ्या माणसाला मनापासून कामाला लागावंसं कशानं वाटतं, आणि त्यात पुढाऱ्यानं काय करायचं असतं.

आधी ही कल्पना आली कुठून ते थोडक्यात. रॉबर्ट ग्रीनलीफ नावाचे एक अमेरिकन गृहस्थ, एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत त्यांची जवळजवळ सगळी नोकरी गेली, तीही बरीचशी मॅनेजर लोकांना घडवण्याच्या कामात. निवृत्तीनंतर 1970 साली त्यांनी एक निबंध लिहिला आणि त्यात मांडलं की चांगला पुढारी हा आधी सेवक असतो, म्हणजे लोकांच्या उपयोगी पडावं ही इच्छा त्याच्यात आधी असते आणि पुढारपण त्यातून नंतर येतं. आता हे ऐकायला कीर्तनात ऐकल्यासारखं वाटतं, आणि आपल्याकडे तर गाडगेबाबा कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन अख्खं गाव झाडायचे, म्हणजे आपल्याला हे नवीन नाहीच. पण ग्रीनलीफनी पुढे एक कसोटी दिली आणि मला सगळ्यात कामाची तीच वाटते. त्यांचं म्हणणं असं, की ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का बघा. ती आधीपेक्षा जास्त शहाणी, जास्त मोकळी, स्वतःच्या पायावर उभी राहणारी झाली का, आणि पुढे जाऊन ती स्वतः दुसऱ्यांची सेवा करायला लागतील असं दिसतं का. शिवाय समाजातल्या सगळ्यात खालच्या माणसाचं यातून भलं झालं का, निदान त्याचं आणखी नुकसान तरी झालं नाही ना, हेही बघा म्हणाले.

म्हणजे पुढारी किती साधा राहतो, किती नम्र बोलतो, स्वतःचा चहा स्वतः करतो का, याला या कसोटीत मार्कच नाहीत. मार्क समोरच्या माणसाच्या वाढीला आहेत.

ही कसोटी लावून बघायला जामखेडसारखं दुसरं ठिकाण मला तरी माहीत नाही. जामखेड म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला दुष्काळी तालुका. 1970 सालीच, ज्या वर्षी तिकडे तो निबंध लिहिला गेला त्याच वर्षी, डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको इथं आले. दोघंही वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले, अमेरिकेत पुढचं शिक्षण घेतलेले, मनात आणलं असतं तर कुठंही मोठं हॉस्पिटल काढता आलं असतं. पण त्याआधी त्यांनी याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काही वर्षं काढली होती आणि तिथं त्यांना एक गोष्ट खुपत होती, की बरा करून घरी पाठवलेला पेशंट काही महिन्यांनी तेच दुखणं घेऊन परत येतोय, कारण घरचं पाणी तेच, उपासमार तीच, आणि या आजारांतले बरेचसे तर मुळात टाळता येण्यासारखे.

मग जामखेडला त्यांनी सुरुवात कशी केली, तर जनावरांच्या बंद पडलेल्या दवाखान्याच्या जागेत. आणि औषधं वाटत सुटायच्या आधी गावोगाव जाऊन बसले, लोकांना विचारलं तुम्हाला काय पाहिजे. लोकांनी आरोग्य म्हटलंच नाही, पाणी पाहिजे म्हणाले, खायला पाहिजे म्हणाले. आता इथं एखादा डॉक्टर म्हणाला असता की तो माझा विषय नाही. यांनी पाणी आणि अन्न यांनाच आरोग्याचं काम धरलं, लेकरांसाठी गावातच जेवण शिजवायला मदत केली, बोअर घ्यायला मदत केली, तरुण पोरांना जमवायला व्हॉलीबॉल सुरू केला, कारण व्हॉलीबॉलच्या मैदानात वेगवेगळ्या जातीची पोरं एकत्र खेळतात आणि खेळून झाल्यावर बसून बोलतातही. त्यातूनच पुढे शेतकरी मंडळं उभी राहिली.

आणि मग आला खरा भाग. सुरुवातीला त्यांनी गावांमध्ये शिकलेल्या नर्स नेमून बघितल्या आणि ते जमलं नाही. बाहेरून आलेली तरुण मुलगी, एकटी राहणार, गावातल्या बायका तिचं ऐकेनात, तिलाही तिथं करमेना. तेव्हा विचार पुढे आला की गावातलीच बाई का नको, जिला गाव ओळखतं, जी कुठं जाणार नाही. गावानंच निवडायची आणि आपण शिकवायची. आणि गावानं निवडलेल्या या बायका कोण होत्या, तर बऱ्याचशा निरक्षर, बऱ्याच दलित, मधल्या वयाच्या, कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली. अशा बायकांना मोठ्या डिग्रीवाले दोन डॉक्टर आपलं ज्ञान द्यायला बसले. हे 1970 च्या दशकातलं चाललंय हे लक्षात ठेवा, जेव्हा डॉक्टर म्हणजे देव होता आणि औषधाचं नाव पेशंटला सांगायचीसुद्धा पद्धत नव्हती.

ट्रेनिंग कसं होतं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या आणि मुक्कामाला राहायच्या. सगळ्यांनी जमिनीवर गोल करून बसायचं, डॉक्टरसुद्धा त्याच गोलात, खुर्ची-टेबल काही नाही. पहिली अडचण औषधांची नव्हतीच, पहिली अडचण अशी की बाईला स्वतःचं नाव चारचौघांत सांगता येत नव्हतं, कारण आयुष्यभर ती कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई. म्हणून आधी नाव सांगायला शिकायचं, मोठ्यानं बोलायला शिकायचं, आणि मग जुलाब, बाळंतपण, वजन, क्षयरोग. रात्री झोपायच्या वेळी जात आडवी यायची, कुणी कुणाशेजारी झोपायचं हा प्रश्न, तर त्यावर उपाय म्हणून सगळ्या जणींना मिळून एकच मोठं पांघरूण. भाषण एकही नाही, पण एका पांघरुणाखाली झोपल्यावर विटाळ किती दिवस टिकणार.

आणि दर आठवड्याला परत आल्या की पहिला प्रश्न, तुमच्या गावात या आठवड्यात काय झालं. कुठलं लेकरू आजारी पडलं, तुम्ही काय केलंत, काय जमलं, काय नाही जमलं. एकीला अडलेलं दुसरी सांगायची. म्हणजे आरोळे दांपत्य शिकवत होतं तेवढंच ऐकतही होतं, आणि बायका एकमेकींना शिकवत होत्या. हळूहळू या बायका बाळंतपणं करायला लागल्या, पाच वर्षांखालच्या लेकरांची वजनं करून नोंदी ठेवायला लागल्या, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी द्यायला आयांना शिकवायला लागल्या, कुष्ठरोगाचा चट्टा आणि क्षयाचा खोकला ओळखायला लागल्या. परिणाम बघा, प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे 1971 मध्ये त्या गावांत जन्मलेल्या हजार बाळांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावायची, 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला आणि 1993 पर्यंत 26 वर. हे कुठल्या मशीननं केलं नाही. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण तो आकडा खाली आणण्यात घरोघरी फिरणाऱ्या त्या बायकांचा वाटा सगळ्यात मोठा, आणि आरोळेही हेच सांगत आले.

आता ग्रीनलीफची कसोटी लावा. 1988 साली यातल्याच एक, मुक्ताबाई पोळ, वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. डोक्यावर हॉलची मोठमोठी झुंबरं. त्यांनी झुंबरांकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महाग आणि हाताला न लागणारे. मग पिशवीतून दोन साध्या वातीचे दिवे काढले, एक पेटवला आणि त्या दिव्यानं दुसरा पेटवला, म्हणाल्या मी अशी आहे, झुंबराला दुसरं झुंबर पेटवता येत नाही, दिव्याला येतं. दुष्काळी तालुक्यातल्या खेड्यातली एक बाई जगभरच्या तज्ज्ञांना त्यांच्या तोंडावर हे सांगते आणि तेही स्वतःच्या विचारानं, याहून मोठा पुरावा कुठला पाहिजे मला सांगा.

बरं, पण हे चालतं कशामुळे? भावनेचा भाग सोडून देऊ, माणसाच्या मनात नेमकं काय होतं ते बघू. एडवर्ड डेसी नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा 1971 चा एक प्रयोग आहे. कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या टप्प्यात प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले, दुसऱ्याला काहीच नाही. नंतर पैसे बंद केले आणि मोकळ्या वेळात कोण काय करतं ते गुपचूप बघितलं, तर पैसे मिळालेल्या मुलांचा कोड्यातला रस आधीपेक्षा कमी झालेला. पैसे आले तसं त्यांच्या डोक्यात ते खेळणं पैशासाठीचं काम होऊन बसलं. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन या दोघांनी मिळून यावर खूप काम केलं आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माणूस मनापासून कामाला लागायला तीन गोष्टी लागतात, आपल्या कामात आपला निर्णय चालतो असं वाटणं, हे मला जमतंय आणि मी त्यात सुधारतोय असं वाटणं, आणि इथली माणसं आपली आहेत असं वाटणं.

जामखेडच्या त्या गोलात या तिन्हींना खतपाणी मिळत होतं बघा. गावात गेल्यावर काय करायचं ते ती बाई ठरवायची, दर आठवड्याला काहीतरी नवीन जमायचं, आणि आठवड्याच्या शेवटी परत त्याच मैत्रिणी. आरोळ्यांनी त्यांना प्रेरणेवर लेक्चर दिलं नाही, पाठीवर थाप देऊन जोश भरला नाही, प्रेरणा जिथून आपोआप येते ते तीन नळ उघडून दिले एवढंच. आपल्याकडे मोटिव्हेशनल स्पीकर बोलवून दोन तास टाळ्या वाजवायची फॅशन आलीय, त्यानं त्या संध्याकाळी बरं वाटतं हे खरं, पण सोमवारी ऑफिसात गेल्यावर तुमच्या टेबलावरच्या कागदावरसुद्धा तुमची सही चालत नसेल तर तो जोश बुधवारपर्यंत संपतो.

इथं काही गैरसमज आहेत ते सांगायलाच हवेत. पहिला म्हणजे सेवक पुढारी म्हणजे सगळ्यांची कामं स्वतः करणारा. समजा टीममधल्या पोराला क्लायंटला मेल लिहिता येत नाही, आणि मॅनेजर भला माणूस, दरवेळी रात्री बसून स्वतः लिहून देतो. ही सेवा दिसते खरी, पण कसोटी लावली तर नापास, कारण ते पोरगं दोन वर्षांनीही मेल लिहू शकत नाही आणि मॅनेजर आजारी पडला की सगळं ठप्प. आरोळ्यांनी प्रत्येक बाळंतपण स्वतः केलं असतं तर लोकांनी त्यांना देव म्हटलं असतं आणि गाव तिथंच राहिलं असतं. शिकवायला वेळ जास्त लागतो, सुरुवातीला काम बिघडतंसुद्धा, आणि तेवढा धीर धरणं ही खरी सेवा.

दुसरा गैरसमज, की असा माणूस मऊ असतो, कुणाला दुखवत नाही. साफ चूक. दुष्काळात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा पाण्याची जागा बघणाऱ्या तज्ज्ञाशी आरोळ्यांनी आधीच बोलून ठेवलं होतं की जागा दलित वस्तीतच बघायची, म्हणजे पंप तिथं बसणार आणि बाकीच्या गावाला पाण्यासाठी त्या वस्तीत जावं लागणार. ही काही गोड बोलून सगळ्यांना खूश ठेवणाऱ्या माणसाची कृती नाही. यात ठाम बाजू घेतलेली आहे, आणि ती सगळ्यात खालच्या माणसाची घेतलेली आहे. ग्रीनलीफच्या कसोटीतला शेवटचा भाग हाच, जो ऑफिसातल्या ट्रेनिंगमध्ये बहुतेक वेळा गाळला जातो.

आणि तिसरी गोष्ट, जिचा मला मनापासून राग येतो, ती म्हणजे सेवा हा शब्द वापरून दुसऱ्याला फुकट राबवणं. जामखेडच्या कार्यकर्त्या पगारी नोकर नव्हत्या हे खरं, पण त्यांना शेळ्या घ्यायला, बांगड्या विकायला, छोटे धंदे करायला कर्ज मिळेल अशी व्यवस्था प्रकल्पानं केली, बाई स्वतःच्या कमाईवर उभी राहील हे बघितलं. पुढे देशानं गावातली बाईच गावाची आरोग्य कार्यकर्ती ही कल्पना मोठ्या प्रमाणावर उचलली, 2005 पासून आशा कार्यकर्त्या आल्या, आज त्यांच्याशिवाय खेड्यातलं लसीकरण होणार नाही, कोविडमध्ये त्याच दारोदार फिरल्या. पण कागदोपत्री त्या स्वयंसेविका, म्हणून पगार नाही, मानधन आणि कामानुसार मोबदला, आणि त्यासाठीही 2024 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशाताईंना घरदार सोडून मुंबईत आझाद मैदानावर बसावं लागलं. सेवा ही ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानं स्वतःहून करायची गोष्ट आहे, ती हाताखालच्या माणसाकडून मागायची नसते. साहेबानं एसीत बसून "आपण सगळे सेवक आहोत" म्हणायचं आणि खालच्या बाईचं मानधन तीन महिने थकवायचं, याला नेतृत्व म्हणू नये.

डेसीच्या प्रयोगाचा अर्थ पैसे देऊ नका असाही नाही, हे आवर्जून सांगतो, कारण काही मालक लोक तो बरोबर असाच काढतात. माणसाच्या पोटाची आणि मानाची सोय झाल्यावरच पुढच्या तीन गोष्टींना जागा होते.

मग आपल्यासारख्यानं, ज्याच्या हाताखाली चार-पाच माणसं आहेत किंवा जो सोसायटीचा सेक्रेटरी आहे किंवा ज्या बाई बचत गटाच्या अध्यक्ष आहेत, त्यांनी करायचं काय? मला विचाराल तर मीटिंगपासून सुरुवात करा. पुढारी आधी बोलला की बाकीचे त्याच्या हो ला हो मिळवतात, म्हणून स्वतः शेवटी बोला, आणि सगळ्यात नवीन किंवा सगळ्यात गप्प माणसाला आधी विचारा, तेही "काही प्रॉब्लेम नाही ना" असं नाही, त्यावर कुणी प्रॉब्लेम सांगत नाही, "या आठवड्यात कुठं अडलं" असं विचारा. काम देताना त्यातला निर्णयही द्या, म्हणजे "हॉल बघून ये, मग मी ठरवतो" याच्याऐवजी "एवढं बजेट आहे, हॉल तू ठरव", आणि ठरवल्यावर तुम्हाला तो हॉल आवडला नाही तरी बदलू नका, कारण एकदा बदललात की पुढच्या वेळी तो माणूस ठरवायच्या भानगडीत पडणार नाही, तुम्हालाच फोन करत बसेल. चुकलं तर वरच्यांसमोर तुम्ही उभे राहा आणि चूक काय झाली ते त्याच्याशी दोघांत बोला. चांगलं झालं तर त्याचं नाव घ्या, तो समोर नसताना घ्या, ते बरोबर त्याच्यापर्यंत पोचतं.

यातलं सगळ्यात अवघड काय असेल तर स्वतःची गरज कमी करत नेणं. आपल्यावाचून अडतंय ही भावना फार सुखाची असते, चांगल्या चांगल्या समाजसेवकांना ती सुटत नाही, संस्था त्यांच्याबरोबरच म्हातारी होते. मेबल आरोळे 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत आरोळे 2011 मध्ये. जामखेडचं काम थांबलं नाही, त्यांची मुलं ते पुढे चालवतायत, आणि देशोदेशीचे डॉक्टर, विद्यार्थी तिथं आरोग्याचं काम शिकायला येतात तेव्हा त्यांना शिकवणाऱ्यांत गावातल्या या कार्यकर्त्याही असतात. तेव्हा स्वतःला तपासायचं असेल तर एक आठवडा सुट्टी टाका, फोन बंद ठेवा, आणि परत आल्यावर काय काय अडलं याच्याऐवजी तुमच्या मागं कुणी कुठला निर्णय घेतला हे विचारा. तो निर्णय तुमच्यापेक्षा वेगळा असेल आणि तुम्हाला न विचारता घेतलेला असेल, तर त्या माणसाला पुढच्या वेळी थोडं मोठं काम द्या.